पिंपलची बॅट : मालवणच्या हॉलमधल्या पावसाळी नोंदी

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला आणि आजपासून मासेमारी बंदी सुरू. ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे संध्याकाळी हॉलमध्ये एरवी न दिसणारी मंडळी. टेबल टेनिसची टेबलं दोनच, त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठा.

कामाचं कारण लिहून ठेवतो. एप्रिलात बाहेरगावच्या खुल्या स्पर्धेत आमची दोन चांगली पोरं एका साठी उलटलेल्या गृहस्थांकडून सरळ गेममध्ये हरून आली. गृहस्थ टेबलापासून हलत नव्हते. बॅकहँडला काळं लाँग पिंपल, म्हणजे बाहेर उंच दाणे असलेलं रबर, आणि काम काय, तर बॅट पुढे धरायची. आमची पोरं जितका कडक टॉपस्पिन (बॉल पुढच्या दिशेने फिरवणारा फटका) मारत होती, तितका बॉल पलीकडून जड होऊन येत होता. परतताना गाडीत होडीवाला दादा एकच गोष्ट घोकत होता, "मी जोरात मारतंय आणि बॉल नेटातच जाता!"

आमच्याकडे सगळे प्लेन, म्हणजे गुळगुळीत रबरवाले. एकमेकांचे बॉल एकमेकांना पाठ. म्हणून ठरलं की हॉलच्या वर्गणीतून एक पिंपलची बॅट तयार करायची आणि ती खिळ्याला टांगून ठेवायची. पावसाळाभर प्रत्येकाने कधी ती हातात घेऊन खेळायचं, कधी तिच्यासमोर. नोंदी माझ्याकडे, कारण रबर चिकटवायचं कामही माझ्याच गळ्यात.

४ जून

रबर कुठलं, यावर फोनाफोनी. नवीन मंडळींसाठी आधी फरक लिहितो. प्लेन रबराचे दाणे आत, स्पंजच्या बाजूला असतात. ते उलटं लावलं की दाणे बाहेर. दाणे बुटके नि जाड असतील तर शॉर्ट पिंपल, उंच नि बारीक असतील तर लाँग, मधले असतील तर मीडियम. अँटी वेगळं. ते दिसायला प्लेन, पण पृष्ठभाग जवळजवळ निसरडा. शाळेजवळच्या दुकानात मिळणारी स्वस्तातली बॅट असते ना, बिनस्पंजची, कडक दाण्यांची? तेही पिंपलच. म्हणजे हॉलमधल्या निम्म्या लोकांनी खेळायला सुरुवात पिंपलनेच केली आहे आणि आज तेच 'असली बॅट चालते का?' म्हणून विचारतात.

नियमात लाँग पिंपलला मर्यादा आहेत. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दाणे १० पेक्षा कमी नकोत, ३० पेक्षा जास्त नकोत. दाण्याची उंची जाडीच्या १.१ पटीपेक्षा जास्त नको, हे १९९९ पासून. त्याआधीची काही रबरं याहून उंच दाण्यांची होती. बिनस्पंजचं पिंपल रबर गोंदासकट २ मिलिमीटरपर्यंत, स्पंजवालं ४ मिलिमीटरपर्यंत.

बटरफ्लायचं फेंट लाँग ३ आणि टीएसपीचं कर्ल पी-१ ही दोन्ही नावाजलेली, पण ती मुख्यतः टेबलापासून मागे जाऊन चॉप करणाऱ्यांची, म्हणजे बॉल उलट्या फिरकीने कापणाऱ्यांची, आणि किमतीही तशाच. आमच्या हॉलमध्ये टेबलाच्या मागे चार पावलं गेलं की भिंत. चॉपर घडवायला इथे जागाच नाही. टेबलाला चिकटून ब्लॉक करायचा, म्हणजे बॉल नुसता अडवायचा असेल तर बिनस्पंजचं रबर बरं. डाव्हेईचं ३८८डी-१, काळं, बिनस्पंजचं मागवलं. चिनी आहे, खिशाला झेपतं, फाटलं तर रडू येणार नाही. लाकूड म्हणून हॉलमधली जुनी पाच प्लायची (लाकडाच्या पाच थरांची) संथ बॅट. फोरहँडला तिच्यावरचं लाल प्लेन रबर अजून धड आहे, ते राहू दे.

८ जून, रविवार

चिकटवण्याचा दिवस. हे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला करावं लागेल.

स्पंज असलेलं रबर पाण्याच्या ग्लूने लावायला सोपं असतं. पांढरा ग्लू स्पंजवर आणि लाकडावर पसरायचा, तो पारदर्शक झाला की दाबायचं. उन्हाळ्यात हे पटकन होतं. जूनमध्ये मालवणात हवेतच इतकं पाणी की ग्लू पांढराच राहतो, आणि माणूस कंटाळून ओल्यावरच रबर दाबून मोकळा होतो. बिनस्पंजच्या रबराच्या पत्र्याची गोष्ट त्याहून अवघड. तो पातळ असतो, पाण्याचा ग्लू लागला की फुगतो, कडा वळतात, आणि सरळ करायला ओढला की ताणला जातो. ताणून बसवलेलं रबर आठवड्याभरात आकसतं नि कडेने सुटतं.

म्हणून ग्लू शीट, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारा पातळ कागद. आधी लाकूड सुक्या फडक्याने पुसलं आणि बल्बखाली थोडं कोमट केलं. शीटचा एकीकडचा कागद सोलून ती हँडलकडून वर, काचेच्या बाटलीने लाटत बसवली. एका ठिकाणी हवा अडकली, ती सुईने टोचून काढली. मग दुसरा कागद सोलला आणि रबर वरून नुसतं सोडलं. ओढायचं नाही, आपल्या वजनानेच पडू द्यायचं. मग परत बाटली, अगदी हलक्या हाताने. जोर दिला की दाणे आडवे होतात आणि खालचा भाग नीट बसत नाही.

कापताना बॅट पालथी घालून लाकडाच्या कडेने ब्लेड फिरवायचं. कात्रीने दाण्यांच्या बाजूने कापलं तर कडेचे दाणे अर्धे राहतात आणि तेच आधी तुटतात. रबरावरचा शिक्का आणि नंबर हँडलच्या वर, वाचता येईल असा ठेवला. स्पर्धेत अंपायर तिथेच बघतो.

बॅट तयार झाल्यावर बँकवाले काका अंगठ्याने दाणे वाकवत कितीतरी वेळ बसले होते.

११ जून

पहिली संध्याकाळ. पिंपल माझ्या हातात. सर्व्हिस येईल तशी परत करायची, बॅट जवळजवळ उभी, मनगट मोकळं. एवढंच करून मी होडीवाल्या दादाचे पॉइंट घेत गेलो. तो टॉपस्पिन मारतो, बॉल परत जातो, तो पुन्हा टॉपस्पिन मारतो, बॉल नेटमध्ये. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. शेवटी बॅटच तपासायला आला.

मग बॅट त्याच्या हातात दिली आणि त्याचीही तीच गत. पिंपल घेऊन स्मॅश मारायला गेला, बॉल भिंतीवर. पुश करायला, म्हणजे बॉल खालून हलकेच ढकलायला गेला, बॉल हवेत उंच. पिंपल हातात आलं म्हणून पॉइंट येत नाहीत, हे त्याला दहा मिनिटांत कळलं. मला सांगायला लागलं नाही, हे बरं.

१५ जून, रविवार

आज प्रयोगाचा दिवस. बॉलच्या अर्ध्या भागावर काळ्या मार्करने रंग दिला आणि आठवीतल्या मुलीच्या दादाचा फोन स्लो मोशनवर लावून टेबलाच्या बाजूला स्टुलावर उभा केला. सेकंदाला २४० चित्रं निघतात, त्यात अर्धा काळा बॉल फिरताना स्वच्छ दिसतो.

पहिला बॉल प्लेन रबराने ब्लॉक केला. येताना टॉपस्पिन. बॉल रबराला लागला, रबराने त्याला पकडलं, फिरणं मोडलं, आणि जाताना तो साधारण टॉपस्पिनच घेऊन गेला. दुसरा पिंपलने ब्लॉक केला. तोच टॉपस्पिन आला, दाणे वाकले, बॉल सरकला आणि परत गेला. फिरण्याची दिशा तीच! काळा भाग ज्या बाजूला जात होता त्याच बाजूला जातोय, थोडा मंद इतकंच. बॉल मात्र आता उलट दिशेने चाललाय, म्हणून पलीकडच्या माणसासाठी तोच टॉपस्पिन चॉप झाला.

सगळ्यांनी हे फोनवर पुन:पुन्हा पाहिलं. यावरून बाकीचं आपोआप निघतं. पिंपलवर जड चॉप टाकला तर हलका टॉपस्पिन परत येणार. काहीच न फिरणारा बॉल टाकला तर काहीच न फिरणारा येणार, आणि तो हवेत किंचित हलतो, कारण त्याला स्थिर ठेवायला स्पिनच नसतो. पिंपलवाला स्वतःहून फार कमी तयार करतो. आपण जे मारलं ते त्याच्याकडून वळून येतं. आमची पोरं एप्रिलात स्वतःच्याच टॉपस्पिनकडून हरली होती.

त्यावर बँकवाले काका म्हणाले, "मग आपण काय मारलं ते लक्षात ठेवायला हवं." आमच्या हॉलमध्ये हे कोणी आजवर केलेलं नाही.

२२ जून, रविवार

वकीलसाहेबांनी अपेक्षेप्रमाणे आक्षेप घेतला. हा खेळ नाही, ही फसवणूक, आणि असल्या रबरावर बंदीच हवी.

वादात मीही पडलो. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती, तेव्हा जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. बाकीचे दाण्यांच्या कडक रबराने खेळत होते. स्पंजवर बॉल लागल्याचा आवाजच येत नव्हता, समोरच्याला अंदाज लागेना, आणि सातो एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. तेव्हाही बंदीची मागणी झाली. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने जाडीची मर्यादा घालून दोन्ही प्रकार ठेवले. आज वकीलसाहेबांच्या बॅटवर जे जाड स्पंजचं प्लेन रबर आहे, ते त्या स्पंजचंच वंशज आहे, आणि तेव्हाचा 'अस्सल खेळ' म्हणजे पिंपल!

साहेब म्हणाले, तेव्हा बॅट लपवत नव्हते. हा मुद्दा खरा. एका बाजूला पिंपल, दुसरीकडे प्लेन, दोन्ही एकाच रंगाचं, आणि टेबलाखाली बॅट फिरवायची, असा प्रकार एके काळी चाललाच. म्हणून १९८० च्या दशकात दोन बाजूंना दोन वेगळे रंग सक्तीचे झाले. आता एक बाजू काळी, दुसरी वेगळ्या ठळक रंगाची. लालच लागतो असं नाही, २०२१ पासून गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. मॅचच्या आधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघायचा हक्क आहे. आमच्याकडे हा हक्क कोणी वापरत नाही, लाज वाटते म्हणे.

आठवीतली मुलगी मध्येच म्हणाली, "साहेबकाका, मनिका बत्रा पण पिंपलनेच खेळते." खरंच आहे. बॅकहँडला लाँग पिंपल, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण. मी अहिका मुखर्जीचं नाव जोडलं. तिच्याकडे अँटी, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला तिने जगात पहिल्या नंबरवर असलेल्या सुन यिंगशाला हरवलं.

साहेबांचं मत बदललं नाही. पण उद्या पिंपलसमोर त्यांचा नंबर आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

२९ जून

पाऊस थांबायला तयार नाही. खिडक्या बंद केल्या तर घुसमट, उघड्या ठेवल्या तर खारा वारा थेट टेबलावर. टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उठते. प्रत्येक पॉइंटनंतर बॉल शर्टाला पुसायचा.

इथे एक गोष्ट लक्षात आली. प्लेन रबर ओलसर झालं की निसरडं होतं, लूप (जास्त फिरकीचा टॉपस्पिन) मारायला गेलं की बॉल खाली घसरतो. पिंपलची पकड मुळातच कमी, त्यामुळे ओल आल्याने त्याचं फारसं बिघडत नाही. दमट संध्याकाळी पिंपल-बॅटवाल्याचे गेम जास्त येताहेत, ते बहुतेक यामुळेच. कोरड्या हवेच्या गावातल्या माणसाला हा हिशोब करावा लागत नाही. आपल्याला जून ते सप्टेंबर करावाच लागतो.

बॅट खिळ्यावरून काढून बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागलो. आत सिलिका जेलच्या पुड्या, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या. हँडलजवळ ग्लू शीटची कड किंचित सुटली होती, ती कोमट करून दाबली.

६ जुलै

आषाढी एकादशी. हॉल बंद.

१३ जुलै, रविवार

तोड सापडली, आणि ती आठवीतल्या मुलीला सापडली. तिच्याकडे जोर नाही हेच तिच्या पथ्यावर पडलं. ती पिंपलवर लांब, संथ, बिनस्पिनचा बॉल टाकते. तो माझ्याकडून तसाच तरंगत, जरा उंच येतो. मग ती लूपच्या भानगडीत न पडता सरळ सपाट मारते. दुसरा उपाय, पिंपलवर एक पुश करायचा आणि परत येणाऱ्या हलक्या टॉपस्पिनवर बॅट थोडी झाकून हल्ला चढवायचा. पुन्हा पुशच केला तर बॉल उडतो, तिथेच आमचे मोठे फसतात.

मीही गप्प बसलो नाही. रॅलीत बॅट फिरवून मधूनच प्लेन बाजूने पुश करायला लागलो. तिने दोन-तीन बॉल घालवले, मग सावरली. खेळ संपल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही बॅट फिरवायच्या आधी बोट दांड्यावरून उचलता. तेव्हाच कळतं मला."

आज घरी आरशासमोर बॅट फिरवत बसलो. हिने विचारलं, काय चाललंय. सांगून उपयोग नव्हता.

२० जुलै

शॉर्ट पिंपलची चाचणी. एका पाहुण्याकडून मागून आणलेली बॅट, पातळ स्पंजवर शॉर्ट. हे अस्त्र निराळंच. इथे बॉल उलटत नाही, पण समोरच्या स्पिनचा त्रास कमी होतो आणि सपाट मारा फार झटपट जातो. बॉल खाली राहतो, टप्प्यानंतर पुढे पळत नाही. होडीवाल्या दादाला हेच आवडलं, कारण त्याला मारायचंय. लाँग पिंपल धरून वाट बघत बसणं त्याच्या स्वभावात नाही.

२७ जुलै

एका जाणत्याने सल्ला दिला की पिंपल पत्र्यावर उन्हात ठेवा, दाणे कडक नि गुळगुळीत होतात, बॉल आणखी उलटतो. ऊन आणायचं कुठून, हा प्रश्न आधी. दुसरं म्हणजे, रबर ज्या स्थितीत मंजूर झालं त्याच स्थितीत वापरायचं असतं. भाजणं, तेल लावणं, रसायन लावणं, सगळं नियमाबाहेर. अगदीच बिनघर्षणाची लाँग पिंपल रबरं पूर्वी मिळायची, ती २००८ पासून किमान घर्षणाची अट आल्यावर बाद झाली. हॉलच्या बॅटला कोणी काही लावायचं नाही, असं डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवलं.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बंदरावर गर्दी, हॉलमध्ये मी आणि बँकवाले काका. होड्या परत कामाला लागल्या, म्हणजे दादाची मंडळी आता रात्रीच येणार, तीही आली तर.

काकांबद्दल थोडं. वय ६२, गुडघे गेलेले, बॅकहँडला टॉपस्पिन कधीच नव्हता. पिंपल त्यांच्या हातात नीट बसलं, इतर कोणाच्याही नाही. कारण त्यांना घाई नाही. बॉल वर येऊ देतात, तो सर्वात उंच जागी येण्याच्या जरा आधी बॅट लावतात, आणि लागताक्षणी मनगट किंचित खाली सोडतात. यामुळे बॉल नेटच्या जेमतेम वरून जाऊन आखूड पडतो. मी बॅट पुढे ढकलतो, म्हणून माझा बॉल लांब पडतो आणि मार खातो. काकांनी हे कोणाकडून शिकलेलं नाही.

मुलांच्या हातात मात्र कायमचं पिंपल द्यायचं नाही, असं माझं मत बनलं आहे. ज्याचा प्लेन रबराचा बॅकहँड अजून तयार झालेला नाही, त्याला पिंपल दिलं की तो तयार होतच नाही. पॉइंट येतात, आईबाप खूश होतात, आणि पुढच्या पातळीवर बिनस्पिनचा बॉल टाकणारा भेटला की मुलगा उघडा पडतो. मनिका बत्राचं उदाहरण इथे लावू नये, तिचा सराव तिच्यापाशी. हॉलपुरता नियम असा की शाळकरी मुलांनी पिंपलसमोर हवं तितकं खेळावं, पण स्वतःच्या बॅटला लावू नये. आठवीतल्या मुलीने तोंड वाकडं केलं, मान्य केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

कुडाळची मंडळी मैत्रीच्या सामन्याला आली. त्यांच्यातल्या एका मास्तरांकडे बॅकहँडला लाल लाँग पिंपल निघालं. आमच्या एप्रिलात हरलेल्या पोरांपैकी एकाशी त्यांची गाठ. पोराने आधी बॅट मागितली, अंगठा फिरवला, दाणे वाकताहेत हे बघितलं आणि थँक्यू म्हणून परत दिली. मास्तर जरा चमकले.

पहिला गेम गेला. दुसऱ्यात त्याने मारणं थांबवून लांब, मेलेले म्हणजे बिनस्पिनचे बॉल टाकायला सुरुवात केली, तेव्हा मास्तरांचे ब्लॉक उंच यायला लागले. पाचव्या गेमपर्यंत खेचलं, ९-११ ला हरला. पण हरताना शेवटचे दोन पॉइंट मास्तरांच्या फोरहँडवर गेले, पिंपलवर एकही नाही. मास्तर स्वतः म्हणाले, "बाळा, पुढच्या वेळी माझं काय खरं नाही."

वकीलसाहेबांनीही त्यांच्याशी एक गेम खेळून घेतला. निकाल विचारला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. चाकरमानी यायला लागले, उद्यापासून हॉलमध्ये मंडपाचं सामान पडणार, टेबलं भिंतीला उभी करून ठेवायची.

बॅट शेवटची तपासली. मधल्या भागातले काही दाणे मुळाशी चिरले आहेत, दोन पूर्ण तुटले. सगळे एकाच पट्ट्यात, जिथे ब्लॉक लागतो. चुकून झालेली थोडी इजा नियमात चालते, पण अशी मधोमध पडलेली जागा अंपायर चालवून घेईल असं वाटत नाही. हॉलच्या सरावाला अजून एखादा महिना निघेल.

नवरात्रापर्यंत करायचं ते असं. काकांसाठी त्यांच्या स्वतःच्या पैशाने नवी बॅट, तेच रबर, ग्लू शीट मी बसवेन. दादाला शॉर्ट पिंपल हवंय, त्याने फ्रेंडशिपचं ८०२ मागवलंय, आणि फोरहँडला लावायचं की बॅकहँडला, यावर त्याचं अजून ठरत नाही. हॉलच्या बॅटसाठी यावेळी एक अँटी बघू, कारण लाँग पिंपल आता सगळ्यांच्या डोळ्यांत बसलंय. वर्गणीत तेवढे पैसे आहेत का, ते वकीलसाहेब बघून सांगणार.